शेजाऱ्याचा कोट

ताई, नमस्कार.

मी नट आहे. नाव सांगितलं तर तुम्ही ओळखणार नाही, भूमिकेचं सांगितलं तर लगेच ओळखाल. दुखणं तेच आहे. एका विनोदी मालिकेत 8 वर्षं मी शेजारी होतो. चोंबडा, आगाऊ, बेल न वाजवता आत शिरणारा. मालिका बंद होऊन 14 महिने झाले. त्याआधी 12 वर्षं प्रायोगिक नाटकं केली, त्यात एकही भूमिका विनोदी नव्हती. आता येणारं प्रत्येक काम दुसऱ्या कुठल्यातरी मालिकेतल्या शेजाऱ्याचं असतं. मागच्या महिन्यात एका गंभीर चित्रपटासाठी ऑडिशन दिली. मुलगा गेल्याची बातमी फोनवर ऐकणारा बाप. पहिलं वाक्य बोललो आणि कॅमेऱ्यामागचा पोरगा फिसकन हसला. लगेच सॉरी म्हणाला, पण हसला. माझे वडील गेले तेव्हा अंत्यविधीला एका गृहस्थाने खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, ‘एकदा ते तुमचं वाक्य म्हणा ना.’ कार्यक्रमांच्या सुपाऱ्या येतात, पण शेजाऱ्याचा कोट घालून शेजारी म्हणूनच या, ही अट असते. पैसे चांगले मिळतात. नंतर दोन दिवस घरात कुणाशी बोलवत नाही. बायको म्हणते, येतंय ते घ्या. एक मित्र लोकांना सभेत कसं बोलायचं याचं प्रशिक्षण देतो, तो नोकरीला बोलावतोय. वय 44. अभिनय सोडू का? की सरळ जाहीर करू की यापुढे मी शेजारी करणार नाही?

ता. क. त्याचा तो चौकटींचा कोट अजून माझ्या कपाटात आहे. टाकून देऊ का?

— शेजारी (माजी)

नमस्कार शेजारी (माजी),

पत्रात तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण कोटाचा रंग लिहिलात आणि मी ओळखलं. छापताना रंग गाळला आहे.

सुरुवात त्या अंत्यविधीच्या गृहस्थापासून करते. तुम्ही त्याला एकच ओळ दिली आहे, पण माझा अंदाज असा की तुम्ही पत्र लिहायला बसलात ते त्याच्यामुळे. तो असभ्य वागला. ‘प्रेक्षकांचं प्रेम’, ‘हीच खरी पावती’ वगैरे मी म्हणणार नाही; ती वाक्यं सत्कार समारंभांसाठी राखीव असू देत. एवढंच सांगते की हा त्रास विनोदी मालिकेच्या नटाच्या वाट्याला जरा जास्त येतो, आणि त्याला कारण आहे. सिनेमाचा नट अंधारात दिसतो, माणसापेक्षा कितीतरी मोठा. त्याच्याकडे मान वर करून बघावं लागतं. तुम्ही मात्र 8 वर्षं लोकांच्या घरात, त्यांच्या जेवणाच्या वेळेला, खिडकीएवढ्या आकारात येत राहिलात, तेही बेल न वाजवता. मग तेही तुमच्या दाराशी बेल वाजवायला विसरतात.

अशा प्रसंगासाठी दोन शब्द पाठ करून ठेवा: ‘आज नको.’ पुढे कारण नाही, ओशाळं हसू नाही, रागही नाही. आरशासमोर चक्क तालीम करा, कारण ऐनवेळी सवयीने तोंडातून शेजाऱ्याचंच वाक्य निघेल. खरं सांगू? मला वाटतं त्या दिवशीही ते तुमच्या ओठांवर आलं होतं, आणि त्या गृहस्थापेक्षा तुम्हाला स्वतःचा जास्त राग आला. चुकत असेन तर सोडून द्या.

आता एक कबुली. मी तुमच्या बाकावरची नाही, समोरच्या बाकावरची आहे. बरीच वर्षं मी विनोदी मालिका लिहिल्या, आणि तुमच्यासारख्या चांगल्या नटांचे शेजारी कसे होतात ते मला आतून माहीत आहे. पहिल्या वर्षी पात्राला सगळं असतं. त्याची नोकरी असते, भीती असते, तो शेजारच्या घरात का घुसतो याचं कारण असतं. बहुधा त्याच्या स्वतःच्या घरात कुणी नसतं. मग एका भागात त्याच्या एका साध्या वाक्यावर मोठा हशा येतो. पुढच्या भागात आम्ही ते वाक्य पुन्हा लिहितो. चौथ्या भागापर्यंत त्याचं पालुपद होतं. दुसऱ्या वर्षी, रात्री एक वाजता, सकाळच्या शूटिंगला दीड पान कमी पडत असतं, तेव्हा आम्ही लिहितो: ‘शेजारी आत येतो. पालुपद.’ चाळीस सेकंद भरून निघतात. हशा नक्की असतो, आणि रात्री एक वाजता नक्की हशा सोडून देणारा लेखक अजून मला भेटायचा आहे. असं करत करत पाचव्या वर्षी पात्राचा कोट आणि वाक्य उरतं, माणूस गळून पडतो. हे तुम्ही केलेलं नाही. आम्ही केलं, आणि चॅनेलने आनंदाने करू दिलं.

म्हणून पहिला गृहपाठ: तुमच्या मालिकेचे पहिले दहा भाग पुन्हा बघा. सलग बघा, आणि निदान दोन तरी आवाज बंद करून. मला खात्री आहे, तिथे आणखी कुणीतरी दिसेल. दार उघडण्याआधी क्षणभर थबकणारा, कुणी बस म्हणेपर्यंत उभा राहणारा. 12 वर्षं प्रायोगिक केलेला नट पहिल्या दहा भागांत असं काही केल्याशिवाय राहत नाही. ते तुम्ही आणलं होतंत, संहितेत नव्हतं.

यानंतर जे लिहिणार आहे ते कडू लागेल. ऑडिशनला तो पोरगा हसला, तो काही अंशी तुमच्यामुळे हसला असेल.

असं बघा, शिक्का दोन ठिकाणी बसलेला असतो: लोकांच्या डोक्यात आणि नटाच्या गळ्यात. लोकांच्या डोक्यातल्यावर तुमच्याकडे थेट इलाज नाही, आणि तुम्ही सगळी ताकद तिथेच लावताय. गळ्यातला तुमच्या ताब्यातला आहे. 8 वर्षं विनोदी मालिका केलेल्या नटाची वाक्याची चाल बदलते. शेवटच्या शब्दाआधी तो इवलासा थांबतो, शेवटचा शब्द किंचित वर उचलतो, आणि वाक्य संपल्यावर हशासाठी जागा ठेवतो. प्रेक्षकांसमोर शूट होणाऱ्या मालिकेत हे धंद्याचं कौशल्यच आहे, नाहीतर पुढचं वाक्य हशात बुडेल. प्रेक्षक नसतात तेव्हाही नट थांबतो, कारण हशा मागाहून भरला जाणार असतो. (चार्ली डग्लस नावाच्या अमेरिकन ध्वनितंत्रज्ञाने 1950 च्या दशकात त्यासाठी एक पेटीच बनवली होती. कळा दाबल्या की त्यातून तऱ्हेतऱ्हेची माणसं हसायची. कित्येक नटांनी आयुष्यभर त्या पेटीसाठी जागा सोडली.) ही जागा एकदा गळ्यात बसली की ‘हॅलो, कोण बोलतंय?’ या साध्या वाक्यातही येते. कॅमेऱ्यामागच्या पोराला तुम्ही त्या जागेत हसायला बोलावलंत, तो आला.

खात्री करून घ्यायची असेल तर तोच बापाचा सीन फोनवर रेकॉर्ड करा. बघू नका, फक्त ऐका. कुठे वाट बघताय ते पेन्सिलने खुणा करत संहितेवर मांडा. मग त्या जागा भरून काढा, सरळ, कंटाळवाण्या वेगाने. पहिले काही दिवस तुम्हाला वाटेल की आपण काहीच अभिनय करत नाही आहोत. वाटू द्या.

आता उरलेल्या शिक्क्याची गोष्ट, म्हणजे काम देणाऱ्यांच्या डोक्यातल्या. ब्रायन क्रॅन्स्टन तुम्हाला माहीत असणारच, पण त्याच्या गोष्टीतला जो भाग लोक सांगत नाहीत तोच तुमच्या कामाचा आहे. 2000 ते 2006 तो ‘माल्कम इन द मिडल’ या विनोदी मालिकेत बाप होता. भित्रा, भाबडा, अंतर्वस्त्रांवर घरभर फिरणारा. मग ‘ब्रेकिंग बॅड’ची जुळवाजुळव सुरू झाली. त्यात हवा होता कॅन्सर झालेला रसायनशास्त्राचा शिक्षक, जो हळूहळू गुन्हेगार होत जातो. निर्माता विन्स गिलिगनने क्रॅन्स्टनचं नाव काढलं तेव्हा वाहिनीच्या लोकांना तो चड्डीतला बापच आठवला. तुमच्या ऑडिशनच्या पोराचीच वरची आवृत्ती. गिलिगनने वाद घातला नाही. त्याने त्यांना 1998 मधला ‘द एक्स-फाइल्स’ या मालिकेचा एक भाग दाखवला. तो भाग गिलिगनने स्वतः लिहिलेला होता, आणि त्यात क्रॅन्स्टनने एकाच भागापुरता एक तिरसट, द्वेषाने भरलेला माणूस केला होता, असा की त्याची चीड यावी आणि तरी शेवटी कीवही यावी. भाग बघून वाहिनीचं मत फिरलं. मालिका 2008 मध्ये सुरू झाली, आणि क्रॅन्स्टनला त्या भूमिकेसाठी 4 एमी पुरस्कार मिळाले.

लोक या गोष्टीतून ‘प्रतिभा झाकून राहत नाही’ असलं काहीतरी काढतात. प्रतिभा छान झाकून राहते. त्याच्या बाबतीत राहिली नाही, कारण दहा वर्षांपूर्वी एका पाहुण्या भूमिकेत केलेलं काम टेपवर होतं आणि ते दाखवणारा माणूस खोलीत होता. तुमची 12 वर्षांची प्रायोगिक नाटकं कुठे आहेत? तुमच्या आणि चारदोनशे प्रेक्षकांच्या आठवणीत. तुमची खरी अडचण शेजाऱ्याचे शेकडो भाग उपलब्ध असणं ही नाही. दुसऱ्या पारड्यात टाकायला दोन मिनिटंही नाहीत, ही आहे.

तेव्हा या वर्षात ती दोन मिनिटं तयार करा. चित्रपट शिकणाऱ्या मुलांना डिप्लोमा फिल्मसाठी चाळिशीतला, अभिनय येणारा नट मिळत नाही. ती मुलं वयाने लहान मित्रांना पावडर लावून म्हातारे करतात. त्यांच्याकडे जा. पैसे मागू नका, पण दोन गोष्टी मागा: भूमिकेत विनोद नको, आणि तुमच्या सीनची फाइल तुम्हाला मिळाली पाहिजे. अशा तीन फिल्म करा. एक वाईट होईल, एक अर्धवट पडेल. शिवाय त्या मुलांतलं कुणीतरी उद्या तुमचा गिलिगन असू शकतं. एकाच सीनची भूमिका असली तरी घ्या, विशेषतः जिच्यासाठी लोक ‘तुमच्यासारख्याला कसं विचारायचं’ म्हणून विचारत नाहीत अशी.

तुम्ही म्हणाल, ताई तिकडच्या गोष्टी सांगते. बरं, इकडच्या. पंकज कपूर ‘ऑफिस ऑफिस’मध्ये मुसद्दीलाल होते, सरकारी टेबलांवरून टोलवला जाणारा बिचारा. त्याच सुमाराला त्यांनी ‘मक़बूल’ या चित्रपटातला टोळीचा म्होरक्या अब्बाजी केला आणि 2003 च्या चित्रपटांसाठीचा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना त्यासाठी मिळाला. मुसद्दी विसरला जाण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. दोघं शेजारी शेजारी नांदले. अब्बाजीचा तो घोगरा, पुटपुटता आवाज आठवा. त्या गळ्यात हशासाठी एक तसूभर जागा नाही. आणि दिलीप प्रभावळकर? दूरदर्शनवरचा चिमणराव लोकांनी इतका डोक्यावर घेतला होता की दुसरा कुणी आयुष्यभर तेवढ्यावर जगला असता. त्यांनी 1991 मध्ये ‘चौकट राजा’तला नंदू केला, 1993 मध्ये ‘झपाटलेला’तला तात्या विंचू. 2001 पासून पुन्हा घराघरांत टिपऱ्यांचे आबा म्हणून आले, तेही स्वतःच्या लेखनावर बेतलेल्या मालिकेत, आणि 2006 मध्ये थेट गांधीजी झाले. मला त्यांच्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लिहिणं. काम येत नसेल त्या महिन्यांत हाताला दुसरं काहीतरी असणं. तुम्ही लिहिता का? तुमच्या पत्रात तो ‘पण हसला’ ज्या जागी टाकलाय, त्यावरून तरी वाटतं की जमेल.

थोडं थांबून हेही कबूल करते की ही सगळी निभावलेल्यांची उदाहरणं आहेत. सल्ला देणाऱ्यांना तीच सापडतात. म्हणून मला स्वतःला क्रॅन्स्टनपेक्षा जवळची वाटणारी एक गोष्ट सांगते.

केन ऑस्मंड. 1957 ते 1963 चाललेल्या ‘लीव्ह इट टू बीव्हर’ या मालिकेत त्याने एडी हॅस्केल केला: मोठ्यांसमोर साखरेसारखा गोड, पाठ फिरली की आगलावा. पात्र इतकं गाजलं की अमेरिकेत त्या जातीच्या माणसाला लोक अजून त्याच नावाने ओळखतात. मालिका संपली आणि ऑस्मंडला दुसरं काम मिळेना, शिक्का पक्का बसला होता. 1970 मध्ये तो लॉस एंजेलिसच्या पोलिसात भरती झाला. ओळख लपावी म्हणून मिशी वाढवली. 1980 मध्ये एका संशयिताचा पाठलाग करताना त्याला तीन गोळ्या लागल्या. दोन बुलेटप्रूफ जाकिटाने अडवल्या, एक पट्ट्याच्या बक्कलने. आणि मग, 1980 च्याच दशकात, जुन्या मालिकेचं नवं पर्व निघालं तेव्हा हाच माणूस परत आला आणि एडी हॅस्केल झाला, आता मुलाबाळांचा बाप असलेला.

मिशी, पोलीस, बक्कल, आणि पुन्हा एडी. ही कारकीर्द अयशस्वी म्हणायची की यशस्वी, मला खरंच ठरवता येत नाही, आणि त्यामुळेच ती मला आवडते. तुम्ही ‘अभिनय सोडू का’ असं विचारता तेव्हा तुमच्या मनात एक दार असतं, जे एकदा लावलं की कायमचं लागतं. असं दार मी या धंद्यात पाहिलेलं नाही. मायिम बियालिक ही नटी तिची ‘ब्लॉसम’ ही मालिका संपल्यावर शिकायला गेली, 2007 मध्ये न्यूरोसायन्समध्ये डॉक्टरेट घेतली, आणि 2010 मध्ये ‘द बिग बँग थिअरी’ या विनोदी मालिकेत आली ती न्यूरोसायन्सवालीचीच भूमिका करायला.

तेव्हा मित्राच्या नोकरीचा प्रश्न ‘घेऊ की नको’ असा नाही, ‘आठवड्यातले किती दिवस’ असा आहे. तीन दिवस मागा. ऑडिशनसाठी आयत्या वेळी सुट्टी मिळेल हे आधी बोलून घ्या, मित्र आहे म्हणून तर जास्तच. आणि एक गोष्ट लेखी घ्या: कंपनीच्या जाहिरातीत, पत्रकात, वर्गात, कुठेही शेजारी वापरला जाणार नाही. हे नाही केलंत तर पहिल्याच वर्गात कुणीतरी ‘सर, एकदा ते वाक्य’ म्हणेल आणि मित्रच हसत मान डोलावेल. लाज वाटत असेल तर जेफ्री ओवेन्स आठवा. ‘द कॉस्बी शो’ या अमेरिकन विनोदी मालिकेतला जावई. 2018 मध्ये तो एका किराणा दुकानात कॅशियरचं काम करताना कुणीतरी फोटो काढला आणि ‘बघा, काय दशा झाली’ या थाटात तो छापला गेला. लाज शेवटी वाटली ती छापणाऱ्यांना. ओवेन्सने टीव्हीवर येऊन शांतपणे सांगितलं की एक काम दुसऱ्यापेक्षा वरचं नसतं. मधल्या सगळ्या वर्षांत तो अभिनय करत होता, शिकवतही होता, आणि ऑडिशनला वेळ मिळावा म्हणूनच त्याने हे काम धरलं होतं. त्यानंतर त्याला भूमिकाही आल्या.

जाहीर वगैरे अजिबात करू नका. ‘यापुढे शेजारी करणार नाही’ ही बातमी तुमची होणार नाही, शेजाऱ्याची होईल, आणि सोबत फोटो कोटातला असेल. शिवाय निर्माते ते वाचून एवढाच अर्थ घेतात की हा माणूस कटकट्या आहे. नकार एकेकट्याला द्या, फोनवर, गोड आवाजात: ‘तारखा नाहीत.’ दुसऱ्या मालिकांतले शेजारी दोन वर्षं पूर्ण बंद. त्याबद्दल माझं मत ठाम आहे. ते केलेत तर गळ्यातली जागा कधीच भरणार नाही.

सुपाऱ्यांचं वेगळं. त्या बंद करू नका, मोजा. वर्षाला किती, हा आकडा बायकोबरोबर बसून ठरवा. सहा म्हणा, आठ म्हणा. आकडा ठरला की दर वाढवता येतो, कारण मग नाही म्हणायला जमतं. ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि घरखर्चाचे किती महिने त्यात बसतात ते दोघांनी माहीत करून घ्या. तुमच्या बायकोचं ‘येतंय ते घ्या’ तुम्ही जरा तक्रारीच्या सुरात लिहिलंय. त्या बिचारीला महिन्यांचा हिशेब कुणी दिलेला नाही, म्हणून ती दिसेल ते काम धरायला सांगते. आणि सुपारीनंतरच्या दोन दिवसांच्या अबोल्याचं कारण तिला सांगितलंत का? न सांगितल्यास माणूस आपलंच काहीतरी चुकलं असं धरून चालतो.

सुपारीला जाण्याआधी मात्र कपाटातून कोटाऐवजी जुना करार काढा. पात्र कुणाचं, चेहरा कुणाचा, यावर ‘चीअर्स’ या मालिकेच्या दोन नटांनी वर्षानुवर्षं भांडण केलं. जॉर्ज वेंट आणि जॉन रॅटझेनबर्गर मालिकेत बारमधले कायमचे गिऱ्हाईक होते. मालिकेच्या धर्तीवर विमानतळांवर बार निघाले आणि त्यांत या दोघांसारखे दिसणारे, बोलणारे यांत्रिक पुतळे बसवले गेले. स्टुडिओची परवानगी होती, नटांची नव्हती. 1997 मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सांगितलं की पात्राचा हक्क दुसऱ्याकडे असला तरी नटाचा स्वतःच्या चेहऱ्यावरचा हक्क त्यामुळे संपत नाही. तुमच्या करारात काय आहे ते वकिलाला दाखवा: वाक्य, कोट, जुन्या भागांचं पुनःप्रक्षेपण, छोट्या क्लिप, आणि आता तुमचा आवाज व चेहरा यंत्राने बनवून वापरण्याची मुभा. 2023 मध्ये अमेरिकेतले नट 118 दिवस संपावर होते, त्यात हा शेवटचा मुद्दा मोठा होता. तुम्ही न जाता तुमचा शेजारी सुपारीला जाऊन आला, असं होऊ शकतं.

त्याच रॅटझेनबर्गरचं पुढे काय झालं ते मजेशीर आहे. 1995 च्या ‘टॉय स्टोरी’त तो पैसे साठवायच्या खेळण्यातल्या डुकराचा आवाज झाला, आणि पिक्सार या ॲनिमेशन कंपनीच्या एकामागून एक सगळ्या चित्रपटांत त्याचा आवाज असा पायंडाच पंचवीस वर्षं चालला. आवाजाला कोट नसतो. डबिंग, ध्वनिपुस्तकं, माहितीपटांचं निवेदन या सगळीकडे चौकशी करा. बिनहशाचं बोलणं पक्कं करायला ध्वनिपुस्तकाइतकी चांगली तालीम दुसरी नाही, तीनशे पानांत कुणी हसत नाही. कॅमेऱ्यामागे जायचा विचार असेल तर तोही बोलून दाखवा. पेनी मार्शल या नटीने स्वतःच्या मालिकेचे काही भाग दिग्दर्शित करत करत हात बसवला आणि 1988 मध्ये ‘बिग’ हा चित्रपट केला. 8 वर्षं सेटवर काढलेल्या माणसाला दिवसात किती सीन होतात आणि कुठे वेळ जातो हे नव्या दिग्दर्शकापेक्षा जास्त कळतं.

राहिला कोट. मी निर्मात्यांबरोबर पुष्कळ काम केलंय, म्हणून विचारते: तो तुम्हाला दिला होता, की तुम्ही शेवटच्या दिवशी घालूनच घरी आलात? दुसरं असेल तर तो तुमचा नाही, आणि मी हे छापून बसले आहे. तेव्हा टाकण्याआधी वेशभूषावाल्यांना फोन करा. ते नक्कीच म्हणतील, ठेवा हो, आमच्याकडे त्याचे आणखी चार पडलेत.